जीपची शुद्ध प्रत

वार्षिकांकासाठी लेख दे, असे सरांनी सांगितले तेव्हा मी विषय सांगितला, 'जुनी जीप घरी दुरुस्त करणे.' सर क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "हा विषय अभियांत्रिकीवाल्यांचा नाही का?" वर्गातल्या मैत्रिणी तर हसल्याच. मला मात्र वाटते की हा विषय आपलाच आहे. कला शाखेचा, आणि त्यातही मराठीच्या वर्गाचा. तो कसा, ते सांगण्यासाठी आधी आमच्या गाडीची कुळकथा सांगावी लागेल. वाचकांनी थोडे सोसावे.

आमचे गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे. घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आजोबा एका सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. १९७४ सालची ती पेट्रोल जीप खात्याने मोडीत काढली आणि १९८८ मध्ये तिचा लिलाव झाला. चौदा वर्षे जिचे स्टिअरिंग धरले तीच गाडी आजोबांनी आजीच्या पाटल्या मोडून विकत घेतली. आजी हे अजून विसरलेली नाही.

जीप ही मुळात लढाईची गाडी. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेतल्या विलीज आणि फोर्ड या कारखान्यांनी सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. आपल्याकडे १९४५ मध्ये निघालेली 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी १९४७ पासून विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत जीपा जोडू लागली. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पाटीवरचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. म्हणजे कंपनीच्या नावातच एक पाठभेद आहे!

आमची गाडी 'सी. जे. ३ बी' या जातीची. हिचे बॉनेट इतर जुन्या जीपांपेक्षा उंच असते. कारण असे की, हिच्या मूळ इंजिनात पेट्रोलची वाफ आत घेणाऱ्या झडपा वर डोक्यात आणि धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा खाली ब्लॉकमध्ये असत. इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेट उंच करावे लागले. आमच्या गाडीत ते इंजिन आता नाही. १९९४ मध्ये पेट्रोल परवडेना, तेव्हा आजोबांनी डिझेल इंजिन बसवले आणि रीतसर मंजुरी घेऊन आर. सी. बुकात नोंदही करून घेतली. निळ्या शाईतली ती नोंद, खाली सही आणि शिक्का, आजही वाचता येतो. बॉनेट मात्र उंचच राहिले. ज्याच्यासाठी माळा चढवला तो भाडेकरू कधीच निघून गेला!

आजोबा २०२१ मध्ये वारले आणि जीप निंबाखाली उभी राहिली. गेल्या दिवाळीच्या सुटीत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती विटांवर चढवली. अण्णा सातवीपर्यंत शिकलेले. पण गाडीचा आवाज ऐकून दोष सांगतात. कुठून तरी मिळवलेले इंग्रजी मॅन्युअल माझ्या हाती देऊन म्हणाले, तू वाच, मी करतो. तेव्हापासून आमचा वर्ग भरतो. मी बाजेवर बसून वाचते, अर्थ लावते. अण्णा गाडीखालून हुंकार देतात. अण्णांचा 'किमपिन' म्हणजे पुस्तकातला 'किंगपिन' आणि 'डिफरन' म्हणजे 'डिफरन्शियल', हे जुळवायला मला आठवडा लागला. शब्द तोंडोतोंडी कसे झिजतात हे भाषाशास्त्राच्या तासाला शिकले होते. गाडीखालून ते जास्त चांगले समजले.

पहिली चूक माझीच. पुढच्या फेंडरचे बोल्ट मी तेरा नंबरच्या पान्याने सोडवायला गेले. पाना फिरला, बोल्ट जागेवरच. त्याचे कोपरे मात्र गोल झाले. अण्णांनी शांतपणे सांगितले की ही गाडी इंचाची आहे, मिलिमीटरची नाही. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तेरा नंबरचा पाना त्यावर बसतो, पण तीन दशांश मिलिमीटर ढिला बसतो. जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, चार सूत म्हणजे अर्धा. जवळजवळ बसणारे हत्यार अजिबात न बसणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करते, हे मी त्या दिवशी पाहिले. तो बोल्ट शेवटी छिन्नीने तोडावा लागला.

मग रंग खरवडायला घेतला. वर पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा एक मळकट पांढरा. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून डाव्या बाजूचा पत्रा घासत होते, तो अक्षरे दिसू लागली: 'महाराष्ट्र शासन'. मी हाक मारली. आजी आली, तिला वाचता येत नाही, पण ती त्या अक्षरांवरून हात फिरवत राहिली. फरशीचा पत्रा तर निम्मा गंजून गेलेला. तिथे आजोबांनी औषधाच्या डब्याचा पत्रा रिव्हेट मारून बसवला होता. त्यावरचे धोक्याचे चिन्ह अजून शाबूत. आणि मागच्या बाजूला, कापडी टपाच्या लोखंडी कमानीला, एक लहानसा आकडा वेल्डिंग केलेला आढळला. मला वाटले पिशवी टांगायला असेल. अण्णा म्हणाले, सलाईनचा. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की पाड्यांवरून आजारी माणसाला, अडलेल्या बाईला चोपड्याला नेणारी ही एकच गाडी होती. बाटली धरून बसणाऱ्याचा हात खड्ड्यांत दुखून यायचा, म्हणून आजोबांनी आकडा लावला.

आता मुद्द्याकडे येते. या गाडीचे काय करावे यावर आमच्या घरात तीन मते आहेत.

पहिले मत एका गिऱ्हाइकाचे. हे गृहस्थ मोठ्या शहरातले. जुन्या गाड्या जमवण्याचा त्यांना शौक. गाडी 'ओरिजिनल' करून दिली तर एक लाख ऐंशी हजार रुपये देतो म्हणतात. ओरिजिनल म्हणजे काय, तर डिझेल इंजिन काढून जुने पेट्रोल इंजिन बसवायचे, डब्याचा पत्रा आणि तो आकडा कापून टाकायचा, आणि सर्व गाडीला लष्करी हिरवा रंग देऊन बॉनेटवर पांढरा तारा काढायचा. दुसरे मत माझ्या धाकट्या भावाचे. तो बारावीत आहे आणि त्याला 'थार' हवी आहे. ती मिळणार नाही, म्हणून याच जीपला बाहेर आलेले रुंद टायर आणि टपावर दिव्यांची रांग लावायची त्याची इच्छा. तिसरे मत अण्णांचे. ते पुढे सांगते.

फेब्रुवारीत पाटे घेऊन आम्ही धुळ्याला गेलो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते तिथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकच्या पाट्यांची कामे करणारे कसबी कारागीर तिथे आहेत. गावातल्या एका पिकअपमधून पाटे नेले. बसलेले पाटे पुन्हा कमानीत आणायला संध्याकाळ होईल, असे मिस्त्री म्हणाले. दिवस मोकळा होता. मी अण्णांना राजवाडे संशोधन मंडळात घेऊन गेले. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाची ही संस्था तिथेच उभी राहिली. गावोगाव पायपीट करून त्यांनी जमवलेल्या कागदांबद्दल मी अण्णांना सांगत होते. जुने कागद, समासातल्या नोंदी, वेगवेगळी हस्ताक्षरे. अण्णा बराच वेळ पाहत होते, मग हळूच म्हणाले, "हाई बी आपला गाडीना बुकसारखंच शे."

मला वाटते आमच्या वर्गात पाठचिकित्सेवर जे शिकवले जाते, ते अण्णांनी एका वाक्यात सांगितले. संपादकाने प्रती ताडून पाहायच्या, पाठभेद नोंदवायचे, मागाहून घुसडलेले काय ते ओळखायचे आणि स्वतःच्या पदरचे काही घालायचे नाही. लहान तोंडी मोठा घास होईल, पण उदाहरण देते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तरीही राजवाड्यांना त्याहून जुन्या पाठाचा शोध घ्यावासा वाटला आणि १९०९ मध्ये त्यांनी आपल्याला सापडलेली प्रत छापली. मूळ म्हणून जे आपण हाती धरतो तीही एक प्रतच असते. मग आमच्या जीपची मूळ प्रत कोणती? १९७४ ची, कारखान्याच्या दारातली? ती पाहिलेला आमच्या घरात कोणी नाही. आम्हाला ठाऊक असलेली जीप आकड्याचीच आहे.

गिऱ्हाइकाला हवा असलेला तारा मात्र निखालस प्रक्षिप्त आहे. ही गाडी एक दिवसही सैन्यात नव्हती. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२१ व्या नियमाने संरक्षण खात्याखेरीज इतर कोणाच्या गाडीला लष्करी हिरवा रंग देता येत नाही. भावालाही मी कायदा वाचून दाखवला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार कारखान्याने दिलेला तपशील मनाला येईल तसा बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले. घरात कायदा वाचणारी मी पहिलीच, त्यामुळे सध्या माझा थोडा वचक आहे. तथापि, केवळ कायद्याचा आधार घेऊन वाद जिंकणे मला पटत नाही. उद्या नियम बदलला तर तारा खरा होईल का?

भावाने मला निरुत्तर केले ते वेगळ्या बाजूने. तो म्हणाला, "ताई, पोथी कोणाला चिरडत नाही." हे खरे आहे. आमच्या जीपला चारही चाकांच्या ब्रेकची ऑइलची वाट एकच. एके ठिकाणी नळी फुटली की चारही ब्रेक गेले. कमरेचे पट्टे नाहीत, मागचे दिवे नावालाच. जुन्यावरच्या प्रेमापोटी हे तसेच ठेवणारा माणूस मी शहाणा म्हणणार नाही. तेव्हा ब्रेक बदलायचे, पट्टे लावायचे, गंजलेला पत्रा कापून नवा लावायचा, यात मला कसलाही संकोच नाही. २०२१ मध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे केंद्र सरकारचे धोरण आले, त्यातही तपासणीत नापास होईल ती गाडी भंगारात, असाच रोख आहे, आणि तो मला रास्त वाटतो. डिझेलचा धूर हा माझ्या बाजूचा कच्चा दुवा आहे, हेही कबूल करते. माझे म्हणणे एवढेच, की जे बदलू ते लिहून ठेवू आणि जे घडले नाही ते रंगवू नये. त्यासाठी मी एक वही केली आहे. काढलेला प्रत्येक भाग, त्याची तारीख, त्याजागी काय घातले, कोणी घातले. डब्याचा पत्रा काढला, पण फेकला नाही. त्याचा क्रमांक सतरा.

आता अण्णांचे मत. अण्णांना गाडी विकायची आहे. पुढच्या वर्षी माझी पदवी होईल, मग एम. ए. साठी पुण्याला जायचे तर वसतिगृह, खाणावळ, फी. केळीचा भाव कोणी सांगावा? एक लाख ऐंशी हजारांत दोन वर्षे निघतात. मी आकड्याची, अक्षरांची, आजोबांची गोष्ट काढली तेव्हा अण्णा चिडले नाहीत. पाना पुसत म्हणाले, "याद बँकमा भराई जास का?" तारा काढायलाही त्यांची हरकत नाही, ज्याचा पैसा त्याची गाडी.

यावर माझ्याजवळ उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव या लेखात आणणार नाही. कधी कधी असेही वाटते की, जुने जपण्याची ही भाषा मी कॉलेजात शिकले आणि त्या कॉलेजाची फी अण्णांच्या हातांनी भरली. ज्या हातांनी ती गाडी तीस वर्षे जिवंत ठेवली, त्यांना ती विकताना खंत वाटत नसेल असे समजणे हा माझाच उथळपणा. खंत बोलून दाखवण्याची चैन फक्त मला परवडते. तरीही खोटा तारा काढलेली गाडी माझ्या शिक्षणाच्या नावावर विकली जावी, हे माझ्याने होणार नाही. विकायचीच तर वहीसकट, आहे तशी विकावी. किंमत कमी आली तर मी जळगावातच, आपल्याच विद्यापीठात एम. ए. करीन. हे मी अण्णांना सांगितले. ते काही बोलले नाहीत.

गिऱ्हाइकाला आखाजीनंतर उत्तर देतो, असे त्यांनी कळवले आहे. आखाजीला आजोबा या जीपमधून माझ्या तिन्ही आत्यांना सासरहून आणायचे, एक साक्रीची, एक अमळनेरची, एक शिरपूरची. धाकटी आत्या फोनवर विचारत होती, यंदा जीप येणार का? फरशीचे वेल्डिंग झाले आहे. धुळ्याचे पाटे बसले. पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेक सिलेंडर अजून गळतो, तो बुधवारी जळगावहून आणायचा आहे. सगळ्या अंगाला रेड ऑक्साइडचा एक हात दिला. फक्त डाव्या बाजूला, अक्षरांपुरती जागा अण्णांनी कागद चिकटवून झाकून ठेवली होती. मी तसे सांगितले नव्हते.

रंग कोणता द्यायचा ते अजून ठरलेले नाही.

(द्वितीय वर्ष, कला)