दगडाचे पाव

तुये गावापासून मोरजी आणि हरमलचे किनारे दूर नाहीत. रशियातून येणाऱ्या पाहुण्यांची तेथे इतकी वर्दळ झाली, की दुकानांच्या पाट्याही रशियन लिपीत झळकू लागल्या. युक्रेनचे लोकही तेथे येत राहिले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले, तेव्हा किनाऱ्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो पर्यटनाच्या हंगामाचा. पोटाची चिंता गैर नव्हे. परंतु पाहुण्याच्या घरी काय घडते आहे याची विचारपूस करणे, हाही यजमानधर्मच होय.

ती विचारपूस एका कलाकृतीच्या आधारे करता येईल. झान्ना कादिरोव्हा ही १९८१ साली कीव्हनजीक ब्रोव्हारी येथे जन्मलेली शिल्पकार. युद्ध पेटताच तिने पश्चिमेकडील डोंगराळ प्रांतातल्या एका खेड्यात आश्रय घेतला. आपली वीस वर्षांची कलासाधना तोफांपुढे स्वप्नवत आणि दुबळी आहे, असे तिला प्रारंभी वाटले. पुढे तेथील नदीत प्रवाहाने घासून गोल झालेले धोंडे तिच्या दृष्टीस पडले. काही तिने तसेच ठेवले, काहींचे पावासारखे काप केले आणि ते मेजावर मांडले. या शिल्पांना तिने नाव दिले ‘पाल्यानित्सा’.

युक्रेनमधील गव्हाच्या गोल पावाचे हे नाव. रशियन भाषकाच्या जिभेवर तो शब्द नीट बसत नाही. म्हणून युद्धकाळात तो शत्रू ओळखण्याची खूण बनला. भुकेशी नाते सांगणारा शब्द संशयाच्या कामी आला. कादिरोव्हाने तो पुन्हा मेजावर, पाहुण्यापुढे आणून ठेवला. २०२२ साली ही शिल्पे व्हेनिसमध्ये मांडली गेली, आणि विक्रीचे पैसे तिने देशबांधवांच्या मदतीस दिले.

तिच्या दुसऱ्या एका शिल्पाची कथाही बोलकी आहे. पूर्व युक्रेनमधील पोक्रोव्ह्स्क येथे ज्या जागी पूर्वी सोव्हिएत काळातील लढाऊ विमान उभे होते, तेथे २०१९ साली तिने काँक्रीटचे हरीण उभारले. २०२४ मध्ये युद्धाची आघाडी शहराला भिडू लागली, तेव्हा ते उचलून अन्यत्र न्यावे लागले. माणसांमागोमाग हरीणही निर्वासित झाले.

गोमंतकीयांस या साऱ्याचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. राजभाषेच्या वादात १९८६ साली येथेही रक्त सांडले, आणि शेजाऱ्याची बोली हे त्याची निष्ठा मोजण्याचे माप ठरू लागले. त्याच्याही आधी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, याच पेडणे तालुक्यात पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. तरीही आमचा लढा परकीय सत्तेशी होता. सामान्य पोर्तुगीज माणसाशी किंवा त्याच्या भाषेशी नव्हता.

हा विवेक आजही उपयोगी पडावा. आक्रमणास आक्रमण म्हणण्यास पेडणेकरांनी कचरू नये; रशियन पाहुण्याच्या पैशासाठी तर मुळीच नव्हे. त्याचबरोबर मोरजीत उतरलेल्या एखाद्या तरुणाच्या माथी त्याच्या राज्यकर्त्यांचे पातकही मारू नये. दगडाचा पाव दातांनी तुटत नाही. मात्र शेजाऱ्याच्या मेजावर अन्नाऐवजी दगड का आला, हे विचारण्याचे भान तो देतो. आपल्या किनाऱ्याने निदान तेवढे तरी विचारावे.