लोकसंख्या म्हणजे बल नव्हे

दर चार वर्षांनी ऑलिंपिक स्पर्धा संपल्या, की आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो : एवढ्या मोठ्या देशास एवढी थोडी पदके का? २०२४ साली पॅरिस येथे सुमारे १४० कोटी लोकसंख्येच्या भारतास ६ पदके मिळाली. त्यांत सुवर्णपदक एकही नव्हते. जेमतेम २८ लाख वस्तीच्या जमैकानेही ६ पदके मिळविली, तर सुमारे ५० लाखांच्या न्यूझीलंडने २०. आपला शेजारी बांगलादेश १७ कोटींचा. त्यास आजवर ऑलिंपिकचे एकही पदक लाभलेले नाही. क्रीडासमीक्षक याची कारणे मैदाने, प्रशिक्षक व पैसा यांत शोधतात. ती खरी आहेतच. परंतु वैद्यकाच्या दृष्टीनेही या प्रश्नाचा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

चरकसंहितेत बल त्रिविध सांगितले आहे : सहज, कालज आणि युक्तिकृत. यांपैकी आपण उणे कोठे पडतो?

‘आमची शरीरयष्टीच खेळाची नव्हे’ असे म्हणून सहज बलास दोष देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती आम्हांस मान्य नाही. २०२१ मध्ये टोकियो येथे भालाफेकीचे सुवर्णपदक हरियाणाच्या नीरज चोप्रा यांनी जिंकले व २०२४ मध्ये तेच पदक पाकिस्तानी पंजाबच्या अर्शद नदीम यांनी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीस कुस्तीत कांस्यपदक मिळविले, तेही लोकवर्गणीच्या आधाराने. बीज सकस आहे. प्रश्न क्षेत्राचा आणि मशागतीचा आहे.

कालज बल ऋतू व वय यांवर अवलंबून असते. येथेच आपली खरी हानी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली पांडुग्रस्त आहेत. बालवयात खुंटलेली वाढ पुढे कोणत्याही रसायनाने पूर्णपणे भरून निघत नाही. जनगणनेत मोजलेली डोकी आणि मैदानात उतरू शकणारी शरीरे यांत केवढे अंतर आहे, हे यावरून ध्यानी यावे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

युक्तिकृत बल म्हणजे आहार व व्यायाम यांच्या योजनेने मिळविलेले बल. जमैका धनाढ्य देश नाही. परंतु तेथील आंतरशालेय धावण्याच्या स्पर्धा १९१० पासून चालत आल्या आहेत आणि त्या पाहण्यास सारा देश लोटतो. गुणी मूल तेथे सहसा नजरेतून सुटत नाही. आपल्याकडे मात्र परीक्षा जवळ आली, की शाळेत पहिली गदा येते ती खेळाच्या तासावर. गावोगावच्या तालमी ओस पडल्या, आणि खुराकाची शिस्त जाऊन तिच्या जागी भुकटीचे डबे आले.

या ठिकाणी आपल्या व्यवसायाचा थेट संबंध येतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीत, पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांमध्ये सदोष नमुन्यांचे प्रमाण भारतात सर्वाधिक होते. ‘वनस्पतिजन्य आहे, म्हणजे निर्धोक आहे’ ही समजूत खेळाडूच्या बाबतीत घातक ठरते. कुचल्यातील स्ट्रिक्नीन व सोमलतेतील एफेड्रीन ही द्रव्ये स्पर्धाकाळासाठीच्या निषिद्ध सूचीत आहेत. एफेड्रीनला तेवढी मात्रेची मर्यादा आहे. म्हणजे आपण सहजगत्या लिहून दिलेली अग्नितुंडी वटी किंवा विषतिंदुक वटी एखाद्या होतकरू खेळाडूची कारकीर्द संपवू शकते. रुग्ण स्पर्धेत उतरतो काय, हा प्रश्न आपल्या रुग्णपत्रिकेत असलाच पाहिजे. औषधिनिर्मात्यांनी वेष्टनावर प्रत्येक घटक स्पष्ट छापावा, आणि ज्याचे घटकच छापलेले नाहीत असे ‘शक्तिवर्धक’ चूर्ण विक्रेत्यांनी दुकानात ठेवू नये. चार पैशांचा नफा बुडेल. शास्त्राची अब्रू राहील.

पोट भरलेले नसता पदकांचा हव्यास कशास, असा आक्षेप कोणी घेईल. आमच्या मते हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. गर्भिणीचा आहार, बालकाचे पोषण, किशोरींच्या पांडुरोगाची वेळीच चिकित्सा आणि अर्धशक्ती व्यायामाचा संस्कार ही कामे पदकांसाठी नव्हे, तर स्वास्थ्यरक्षणासाठीच करावयाची आहेत. पदक हे त्या स्वास्थ्याचे उपफल होय.

मोठी धोरणे शासनाने आखावीत. ती आपल्या हाती नाहीत. परंतु आपल्या गावच्या एका शाळेतील मुलांची वर्षातून दोनदा उंची, वजन व पांडुता तपासणे, त्यांच्या पालकांना आहार समजावून सांगणे आणि खेळाचा तास राखावा म्हणून मुख्याध्यापकांकडे आग्रह धरणे, एवढे प्रत्येक वैद्यास सहज शक्य आहे. संघटनेच्या प्रत्येक शाखेने येत्या वर्षी निदान एक शाळा अशी दत्तक घ्यावी, अशी आमची सर्व वैद्यबंधुभगिनींस आग्रहाची विनंती आहे.