विश्लेषण : जर्मनीत पत्ता नोंदवणे इतके निकडीचे का?

वर्षभराच्या नोकरीसाठी वा शिक्षणासाठी जर्मनीत गेलेल्यांना पहिल्याच आठवड्यात पत्त्याची चिंता लागते. मुक्काम तीन महिन्यांहून अधिक असेल, तर घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ‘आनमेल्डुंग’ म्हणजे पत्त्याची नोंदणी बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०१५ पासून त्यासाठी घरमालकाचे पुष्टिपत्र लागते. नुसता भाडेकरार पुरत नाही. मेख इथेच आहे. अल्प मुदतीसाठी खोली देणारे अनेक जण हे पत्र देत नाहीत आणि बर्लिनसारख्या शहरात कार्यालयाची वेळही सहज मिळत नाही. नोंदणीनंतर करओळख क्रमांक टपालाने येतो. तो नसेल, तर पगारातून सर्वाधिक दराच्या गटाप्रमाणे करकपात होऊ शकते. टपालपेटीवर नाव चिकटवलेले नसेल, तर ते पत्रही माघारी जाते!