मोटार गेली म्हणणं सोपं असतं

आमच्या मोहन्यात जुलै म्हणजे कपडे न वाळण्याचा महिना. उल्हास नदी भरलेली, हवा ओलीचिंब. गॅलरीतल्या दोरीवर युनिफॉर्म तीन-तीन दिवस लोंबकळतो आणि त्याला कुबट वास येतो. अशा दिवसांत सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर बंद पडला की घराचं वेळापत्रकच कोलमडतं. गेल्या पावसाळ्यात आमचा पडला. बटण फिरवलं तरी ढिम्म. मेकॅनिक आला, दोनदा बटण फिरवून म्हणाला, "सर, मोटार गेली. खर्च करण्यापेक्षा नवीन घ्या." मागचं पत्र्याचं झाकण त्याने उघडलंसुद्धा नाही.

मी तयार झालो होतो. अम्मी नाही झाल्या. त्यांनी शेजारच्या चाचांना बोलावलं. चाचा इथल्याच एन.आर.सी.मध्ये, म्हणजे रेयॉन कंपनीत फिटर होते. कंपनी 2009 मध्ये बंद पडली, पण चाचांची नजर शाबूत आहे.

त्यांनी आधी प्रश्न विचारले. "धुवायची बाजू चालते का?" चालते. म्हणजे प्लगपर्यंत आणि मशीनपर्यंत वीज येतेय. "ड्रायर गुणगुणतो का?" नाही. चाचा म्हणाले, गुणगुणला असता तर मोटारीला वीज मिळतेय पण ती फिरू शकत नाही, असा अर्थ. मग कपॅसिटर बघायचा, ब्रेकची तार बघायची, टबाखाली एखादा मोजा अडकलाय का ते बघायचं. आवाजच नाही, म्हणजे वीज वाटेतच अडलीय. वाटेत काय असतं? टायमर, झाकणाखालचा स्विच आणि वायरी. वायरी उंदीरही कुरतडतात.

प्लग काढला, मागचं झाकण उघडलं, टेस्टर लावला. झाकणाच्या स्विचचे पॉइंट गंजले होते. कल्याणहून नवा स्विच आणला, शंभरच्या आत. ड्रायर फिरला.

मी म्हटलं, "चाचा, स्विच आणेपर्यंत दोन वायरी डायरेक्ट जोडल्या असत्या तर?" ते माझ्यावर उखडलेच. तो टब मिनिटाला हजारावर फेरे घेतो. झाकण उघडताच तो थांबावा म्हणून तो स्विच असतो. घरात लहान मूल असेल तर त्याचा हात वाचवणारी चीज तीच. अनेक घरांत हा जुगाड केलेला असतो. वाचकहो, तुमच्याकडे असेल तर आजच काढून टाका. आणि हो, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहू शकतो. माहिती नसेल तर आत हात घालू नका.

त्या रात्री मला मेकॅनिकचा राग येत होता. मग वर्गातली एक मुलगी आठवली. मराठीच्या वहीत तिची पानं कोरी. मी शेरा दिला होता, "अभ्यासात लक्ष नाही." म्हणजे मोटार गेली! मीही झाकण उघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जवळ बसवून तिला गोष्ट सांगायला लावली. मराठीत घडाघडा सांगितली. म्हणजे वीज येत होती. अडत होतं लिहिण्यात. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे, त्यात जोडाक्षरं. तिला हवा होता दोन महिन्यांचा सराव, शेरा नव्हे.

बी.एड.ला आम्ही 1937 ची वर्धा योजना पाठ केली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने हाताच्या कामातून शिक्षण सुचवलं होतं. त्यावर मी दहा गुणांचं उत्तर लिहिलं, पण स्क्रू ड्रायव्हर हातात धरला नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस आहेत. माझं म्हणणं एवढंच, की त्यातला एक दिवस चाचांसारख्या माणसाला द्या. वर्गात बंद पडलेलं मशीन ठेवा, आणि मुलांच्या बरोबरीने आम्हा शिक्षकांनाही समोर बसवा.

दुरुस्ती शिकणं हा एक फायदा झाला. निकाल देण्याआधी "गुणगुणतो का?" असं विचारायची सवय लागणं, हा मला त्याहून मोठा वाटतो.