मापात पाप

खामगावच्या बाजार समितीत सोयाबीन येतं, कापूस येतो, तूर येते. माल काट्यावर चढतो. त्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो. शिक्का नसेल तर शेतकरी बोंब मारू शकतो. आता शिक्का आहे म्हणून लूट थांबली, असं कुणी समजू नये. कटती लावणारे कटती लावतात, भाव पाडणारे भाव पाडतात. पण निदान काट्यावर बोट ठेवून भांडायला जागा असते. तोलणाऱ्यालाही कुणीतरी तोललं पाहिजे, एवढं तरी कायदा म्हणतो.

त्याच बाजारात पोती वाहणाऱ्या एका हमालाचा पोरगा आमचा दोस्त. भीमनगरात वाढलेला. जिल्हा परिषदेची शाळा, खामगावचं कॉलेज, मग एम.ए. हातात पुस्तक नाही असा दिसलाच नाही कधी. परदेशातल्या एका विद्यापीठानं त्याला प्रवेश दिला, पण अर्ध्या तोंडानं. अट घातली : आधी इंग्रजी येतं हे सिद्ध करा. कुणापुढे सिद्ध करा? कंपनीपुढे. फी भरून.

आईनं बचत गटातून कर्ज उचललं. पासपोर्ट काढला, कारण त्याशिवाय परीक्षेच्या हॉलमध्ये पाऊल ठेवू देत नाहीत. शेगाव स्टेशनवर रात्रीची गाडी धरली, पहाटे नागपूरला उतरला, नळावर तोंड धुतलं, दीक्षाभूमीवर डोकं टेकवून आला आणि परीक्षेला बसला. निकाल आला. ऐकणं पास, वाचणं पास, बोलणं पास. लेखनात थोडक्यात हुकला. लेखनात! जो पोरगा दोन वर्षं या अंकाची प्रुफं तपासतोय, तो लेखनात हुकला. बरं, हुकला असेल. मराठी लिहिणाऱ्याचं इंग्रजी कच्चं असू शकतं, आम्ही मान्य करतो. त्यानं फक्त एवढंच विचारलं की माझं चुकलं कुठं ते दाखवा. उत्तर छापील आलं. सुरुवातीला 'प्रिय ग्राहक', शेवटी 'आपलं समाधान हेच आमचं ध्येय'. मधे काय? तर उत्तरपत्रिका दाखवता येत नाही, फेरतपासणी हवी असेल तर वेगळे पैसे भरा.

रात्री त्यानं बापाला सांगितलं. बापानं शाळा पाहिलेली नाही, पण काटे आयुष्यभर पाहिलेत. त्यानं एकच विचारलं, "त्यायच्या काट्याले शिक्का हाय काय रे?"

दोस्तहो, हे संपादकीय त्या प्रश्नासाठी आहे. कंपनीचं नाव आम्ही मुद्दाम घेत नाही. एका दुकानाची तक्रार लिहून पेटीत टाकायची नाहीये. आम्हाला सगळ्या बाजाराचा हिशेब मागायचाय.

आधी पैशाचा हिशेब. आयईएलटीएस घ्या, टोफेल घ्या, पीटीई घ्या. एकदा बसायची फी पंधरा ते वीस हजारांच्या मधेच कुठेतरी. सतरा हजार धरू. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे मायनं पंचावन्न दिवस उन्हात माती वाहायची, तेव्हा पोरानं तीन तास एसीत बसून सिद्ध करायचं की त्याला इंग्रजी येतं. नापास झाला तर आणखी पंचावन्न दिवस. पास झाला आणि व्हिसा, पैसा, प्रवेश यात दोन वर्षं गेली, तर निकालाचा कागद रद्दी. परत पंचावन्न दिवस. दोन वर्षांत माणूस इंग्रजी विसरतो, हे त्यांचं शास्त्र. पैसे घ्यायचं मात्र विसरत नाहीत.

आता गंमत बघा. अनुसूचित जातींच्या पोरांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पंचाहत्तर जागा. ती मिळवायला विद्यापीठाचं बिनअटीचं प्रवेशपत्र लागतं. विद्यापीठ बिनअटीचं पत्र देत नाही, आधी इंग्रजीचे गुण मागतं. गुणांसाठी फी लागते. म्हणजे शिष्यवृत्ती ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठी, पण तिच्या दारापर्यंतचं भाडं ज्याच्याकडे पैसे आहेत त्यानं भरायचं! विहीर सर्वांना खुली आहे, पोहरा मात्र घरून आणा. ही युक्ती आमच्या ओळखीची आहे. चवदार तळं कागदावर १९२३ सालीच खुलं झालं होतं. पाणी प्यायला १९२७ साल उजाडलं, आणि त्यासाठी डोकी फोडून घ्यावी लागली.

आता काट्याचा मालक कोण ते पाहू. भारतात आयईएलटीएस आधी दोघे घ्यायचे : ब्रिटिश कौन्सिल आणि आयडीपी. २०२१ साली ब्रिटिश कौन्सिलनं इथला हा सगळा धंदा आयडीपीला विकला, तेरा कोटी पौंडांना. आयडीपी ही ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारातली कंपनी. तिचा दुसरा धंदा काय? पोरांना परदेशी विद्यापीठांत लावून देणं आणि त्याबद्दल विद्यापीठांकडून कमिशन घेणं. म्हणजे काटाही त्यांचा आणि अडतही त्यांची. खामगावच्या बाजारात असं कुणी उघड केलं असतं, तर शेतकऱ्यांनी पोती रस्त्यावर ओतली असती. इथे लोक रांगेत उभे राहतात आणि आपला नंबर कधी लागतो ते बघतात.

आणि काटा बरोबर असतो का? २०२५ च्या अखेरीस आयईएलटीएस चालवणाऱ्यांनीच कबुली दिली. ऑगस्ट २०२३ ते सप्टेंबर २०२५ या काळात तांत्रिक बिघाडामुळे ऐकण्या-वाचण्याच्या भागात काही परीक्षार्थींना चुकीचे गुण गेले. एक टक्क्याहून कमी, असं त्यांनी सांगितलं. पण ही परीक्षा जगभर लाखो लोक देतात. लाखोंचा एक टक्का म्हणजे हजारो माणसं. कुणाला कमी मिळाले, कुणाला जास्त. माफी मागितली, सुधारलेले निकाल पाठवले. ठीक आहे. पण नियम काय आहे ते वाचा : आपल्या गुणांबद्दल शंका असेल, तर परीक्षेपासून सहा आठवड्यांत पैसे भरून फेरतपासणी मागायची. गुण बदलले तर पैसे परत. आम्हाला शंका घ्यायला सहा आठवडे. त्यांना चूक सापडायला दोन वर्षं. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ज्यानं परीक्षा दिली, त्याच्या निकालाची नेहमीची मुदत तोवर उलटूनही गेली होती. त्या दोन वर्षांत कोण कुठल्या कॉलेजला मुकला, कोण कर्ज फेडत बसला, कोण 'आपल्याला जमणार नाही' म्हणून घाट उतरून शेतात परतला, याची नोंद कुठल्या यंत्रात आहे?

याहून भयंकरही घडलंय. २०१४ साली बीबीसीनं लंडनमधल्या परीक्षा केंद्रातली लबाडी छुप्या कॅमेऱ्यानं दाखवली. परीक्षा टोइक, कंपनी अमेरिकेची ईटीएस. लबाडी झाली होती हे खरं. पण ब्रिटिश गृहखात्यानं खरे-खोटे निवडायचं काम कंपनीवरच सोडलं. कंपनीनं २०११ ते २०१४ मधल्या अठ्ठावन्न हजारांहून जास्त परीक्षा तपासल्या आणि त्यातल्या ९७ टक्के एक तर खोट्या, नाहीतर संशयास्पद ठरवल्या. २०१९ मध्ये ब्रिटनच्याच लेखापरीक्षकांनी हिशेब मांडला : अडीच हजारांवर माणसं जबरदस्तीनं देशाबाहेर काढली, सात हजारांवर इशारा मिळाल्यावर स्वतः निघून गेली. त्यात आपल्या देशातली पोरं होती. कित्येक जण निर्दोष होते, वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून त्यांनी ते सिद्ध केलं. ज्या कंपनीच्या केंद्रात घोटाळा झाला, तिचीच यादी पुरावा म्हणून चालली. चोराच्या हातात पंचनामा!

मग म्हणतात, तुम्ही ग्राहक आहात, तक्रार करा. आम्ही ग्राहक? ग्राहक म्हणजे ज्याला एका दुकानातून उठून दुसऱ्या दुकानात जाता येतं तो. आणि भारतातला कायदा तर आणखी मजेशीर आहे. २००९ साली बिहारच्या परीक्षा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की परीक्षा मंडळ सेवा विकत नाही, परीक्षार्थी हा ग्राहक नव्हे. मंडळ कायद्यानं नेमलेलं, सार्वजनिक काम करणारं, म्हणून. असेल. पण त्याच सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली असंही सांगितलं, की परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते. म्हणजे बारावीच्या बोर्डाकडे आम्ही ग्राहक नाही, पण उत्तरपत्रिका मिळते. कंपनीकडे आम्ही 'प्रिय ग्राहक' आहोत, पण उत्तरपत्रिका मिळत नाही. पैसे घेताना दुकान, हिशेब देताना देव्हारा. आत यायचं नाही, मूर्तीला हात लावायचा नाही, दक्षिणा तेवढी ठेवायची. हा गाभारा आम्ही पाहिलेला आहे. काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली पाहिलाय.

आणि वर्णव्यवस्था कुठं जात नाही, फक्त कपडे बदलते. ब्रिटनमधली काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर ही परीक्षा माफ करतात. त्यातही प्रतवारी. कित्येक ठिकाणी सीबीएसईवाल्याला कमी टक्के चालतात, राज्य मंडळवाल्याला जास्त लागतात. म्हणजे ज्याची शाळा महाग त्याला परीक्षा माफ, ज्याची शाळा फुकट त्याला परीक्षा विकत.

इथं कुणी आमच्या तोंडावर भाषाभिमान फेकू नये. आम्ही इंग्रजीच्या विरोधात नाही. सावित्रीबाईंनी इंग्रजी शिका म्हणून कविता लिहिली ती आमच्यासाठीच. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण. एवढ्या गुणांवर आजचा एजंट फाइलसुद्धा उघडणार नाही. १९१३ साली ते कोलंबियाला गेले. पुढे त्यांनी ज्या इंग्रजीत ग्रंथ लिहिले, त्या इंग्रजीला उत्तर द्यायला इथल्या शहाण्यांना शंभर वर्षं पुरली नाहीत. आम्हाला इंग्रजी पाहिजे. पूर्ण पाहिजे. तिच्या दारावर बसलेला टोलवाला नको.

आता थोडं आपल्याकडेही बघू. जयंतीच्या डीजेला एका रात्रीत लाख जमतात. विहारातलं पुस्तकांचं कपाट उघडायला किल्ली सापडत नाही. आपले पुढारी मराठी शाळा वाचवा म्हणून मंचावर गळा काढतात आणि त्यांची नातवंडं कुठल्या शाळेच्या बसमध्ये चढतात ते वस्तीला माहीत आहे. शहरात शिकून सुधारलेला आपलाच दोस्त गावाकडच्या पोराचं इंग्रजी ऐकून हसतो. कंपनीनं अर्धा गुण कापला तर आपण चिडतो. आपल्याच हसण्यानं त्या पोराचं तोंड कायमचं बंद होतं, त्याचे गुण कोण मोजणार?

म्हणून मागण्या थोड्या, पण थेट.

समाज कल्याण खात्यानं परदेशी जाऊ पाहणाऱ्या गरीब पोरांची इंग्रजी परीक्षेची फी आधी भरावी. एकदा नाही, दोनदा. निकाल लागल्यावर पावती बघून नव्हे, फॉर्म भरताना.

भारतात फी घेणाऱ्या प्रत्येक परीक्षा कंपनीनं लेखनाची तपासलेली उत्तरं आणि त्यावरचा शेरा परीक्षार्थीला दाखवावा. काट्याचा आकडा शेतकऱ्याला दिसला पाहिजे.

काटा आणि अडत एका मालकाकडे नको.

आणि राज्य सरकारनं परदेशी विद्यापीठांशी बसून राज्य मंडळाच्या इंग्रजीला सीबीएसईच्या बरोबरीनं मोजायला लावावं.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. आपण काय करायचं? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो, त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. म्हणजे खामगावच्या पोराला लंडन-मेलबर्नला जायची गरज नाही, बुलढाण्याचा जिल्हा आयोग पुरे. समोरून २००९ चा निकाल फडकवला जाईल. आपण विचारू, की नफ्यासाठी परीक्षा विकणारी कंपनी सरकारी मंडळ कधीपासून झाली? कदाचित हरू. पण प्रश्न नोंदला जाईल. ज्यांच्याकडे फीच्या पावत्या, छापील उत्तरं, फेरतपासणीचे कागद असतील, त्यांनी जपून ठेवा आणि आमच्याकडे त्यांच्या प्रती द्या. चळवळीतले वकील दोस्त अर्ज लिहून देतील.

आणि नागपूर, पुणे, मुंबईच्या होस्टेलांत राहणाऱ्या दोस्तांनो, तुमच्यासाठी आणखी एक काम. घाटावरून, घाटाखालून परीक्षेला येणारा पोरगा, पोरगी स्टेशनवर रात्र काढता कामा नये. तुमच्या खोलीत एक गादी टाका. आदल्या रात्री त्याला हेडफोन लावून बसवा, की-बोर्डवर बोटं फिरवू द्या. त्याच्याशी तास-दोन तास इंग्रजीत बोला. चुकला तर हसू नका.

आमचा दोस्त परत बसणार आहे. पैसे या वेळी आईच्या बचत गटातून नाही, आम्ही जमवतोय. तो पास होईल. पण तो पास झाला म्हणून बापाचा प्रश्न सुटत नाही. तो प्रश्न घेऊनच आपल्याला त्यांच्या दारात जायचं आहे.

काट्याला शिक्का आहे का?

जय भीम!