तपासणाऱ्या हाताची जात

वैद्यकीय शिक्षणातील आरक्षणाचा विषय निघाला की एक सवाल आमच्या तोंडावर हमखास फेकला जातो : ‘उद्या तुमच्या आईचे ऑपरेशन राखीव जागेवरच्या डॉक्टरकडून करून घ्याल काय?’ आम्ही म्हणतो, जरूर घेऊ. पण विचारणाऱ्यांनी आधी हे सांगावे की चांगला सर्जन घडतो कशाने?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर घ्या. शौचावाटे रक्त पडते म्हणून माणूस दवाखान्यात जातो आणि न तपासताच ‘मूळव्याध आहे’ म्हणून मलम घेऊन परत येतो. भिंतीवर ‘विनाऑपरेशन मूळव्याध-भगंदर’ रंगवणारे भोंदू आहेतच, पण पदवीधर डॉक्टरही यात मागे नाहीत. सर्जरीच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवतात की अशा रुग्णाची गुदद्वारातून बोटाने तपासणी केलीच पाहिजे. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ त्या बोटालाच लागते. मशीन नको, एक हातमोजा पुरे. गाठ वर असेल तर दुर्बिणीची तपासणी. उजव्या बाजूची गाठ तर पुष्कळदा डोळ्यांना दिसेल असे रक्तही दाखवत नाही. माणूस नुसता फिकट पडत जातो, धाप लागते, आणि लोहाच्या गोळ्या देऊन त्याला घरी धाडले जाते. उतारवयातल्या माणसाचे रक्त कमी का झाले, हे विचारण्याची तसदी कोण घेतो?

मग तोच रुग्ण पोट फुगून, शौच-वारा बंद होऊन मध्यरात्री सरकारी रुग्णालयात येतो. वेळेत आलेल्याची गाठ काढून आतड्याची दोन टोके जोडता येतात; दोन्ही टोकांना रक्तपुरवठा चांगला हवा आणि सांध्यावर ताण नको. तुंबलेल्या आतड्यात सांधा सुटण्याचे भय मोठे, म्हणून अनेकदा आतड्याचे तोंड पोटावर काढावे लागते. फ्रान्सच्या हार्टमन यांनी १९२१ साली मांडलेली ही पद्धत आजही जीव वाचवते. पण जीव वाचल्यावर? पोटावर पिशवी आलेल्या माणसाचे ताट वेगळे होते, अंथरूण ओसरीवर येते. विष्ठेला हात लावणे हे एका जातीचेच काम मानणाऱ्या समाजाने घरच्याच माणसाला अस्पृश्य करावे, यात नवल ते काय! संविधानाचे १७ वे कलम या ओसरीपर्यंत अजून पोचलेले नाही.

तेव्हा या कामाला लागतो तो किळस नसलेला हात आणि भरपूर सराव. सराव ऑपरेशनच्या टेबलावर मिळतो आणि तेथे कोणाला उभे करायचे हे वरिष्ठ ठरवतात. खरी मेख येथे आहे. २००६ च्या आरक्षणविरोधी आंदोलनानंतर दिल्लीच्या एम्समधील जातिभेदाची चौकशी डॉ. सुखदेव थोरात समितीने केली. २००७ च्या तिच्या अहवालात वसतिगृहापासून परीक्षेपर्यंतच्या भेदभावाच्या तक्रारी नोंदल्या आहेत. २०१९ साली मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी भगिनीने जीवन संपवले. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ डॉक्टरांना अटक झाली.

आणि गुणवत्तेचे म्हणाल तर २०२३ साली रिकाम्या जागा भरण्यासाठी नीट-पीजीची पात्रता सर्वच प्रवर्गांना शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. तेव्हा गुणवत्तेच्या नावाने २००६ सारखे रस्ते अडले नाहीत. खासगी महाविद्यालयात पैसे मोजून सर्जन झालेल्याला ‘तुमच्याकडून ऑपरेशन करून घ्यावे काय?’ असे कोणी विचारले आहे? गुणवत्ता म्हणजे केवळ परीक्षेतले गुण नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ओबीसी आरक्षणाच्या निकालात सांगितले. ते वाचायला यांना सवड नाही.

पदव्युत्तर विद्यार्थी लॉगबुक ठेवतात. किती शस्त्रक्रिया पाहिल्या, कितींत मदत केली, किती स्वतः केल्या, याची नोंद त्यात असते. नावे वगळून हे आकडे प्रवर्गनिहाय जाहीर करा, एवढीच आमची मागणी आहे. महाविद्यालये ते आपणहून देणार नाहीत. आमच्या विद्यार्थी संघटनांनी माहिती अधिकाराचे अर्ज टाकायला सुरुवात करावी. प्रत्येक महाविद्यालयाला स्वतंत्र अर्ज, आणि पहिला सर्जरी विभागाचा.