तारीख चुकली म्हणून देणे बुडत नाही

— बी. ए. द्वितीय वर्ष

यंदा आमच्या महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'स्वतंत्र विदर्भ राज्य झालेच पाहिजे'. मी विरोधी बाजूने बोललो आणि मला पहिले बक्षीस मिळाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे आईने तो चषक देव्हाऱ्याशेजारी मांडून ठेवला आहे. येता-जाता तो दिसतो आणि दर वेळी मनाला काही तरी टोचते. ते काय, हे सांगण्यासाठीच हा लेख.

माझा प्रतिस्पर्धी आमच्याच वर्गातील मित्र. त्याने तीन मुद्दे मांडले. पहिला, फाजल अली आयोगाने १९५५ साली स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. दुसरा, नागपूर करारातील वचने पाळली गेली नाहीत. तिसरा, लहान राज्यांची प्रगती लवकर होते. मात्र बोलण्याच्या ओघात तो नागपूर करार १९५६ साली झाला असे म्हणून गेला. करार झाला २८ सप्टेंबर १९५३ रोजी. माझी पाळी येताच मी म्हणालो, "ज्यांना कराराचे साल ठाऊक नाही, ते राज्य काय चालवणार?" सभागृह टाळ्यांनी दणाणून गेले. मित्राचा चेहरा पडला. पुढे मी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मरण केले, शिवरायांचे नाव घेतले आणि घंटा वाजली. त्याच्या तीन मुद्द्यांपैकी एकालाही मी हात लावला नव्हता.

रात्री वडिलांना सगळे रंगवून सांगितले. ते शाळेत गेलेले नाहीत. दोन एकर कोरडवाहू जमीन आणि उरलेल्या दिवसांत मजुरी, असा त्यांचा जन्म गेला. त्यांनी शांतपणे विचारले, "त्या करारात लिवलं काय होतं?" मी सांगितले, लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा, नोकऱ्यांत वाटा, वर्षातून विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला. "मंग ते सारं भेटलं काय?" मी म्हणालो, "अधिवेशन होते. बाकीचे पुरते नाही." तेव्हा ते म्हणाले, "मंग तू जितला कसा? तारीख चुकली म्हून देनं बुडते काय रे?"

मित्रहो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझे मत आजही स्वतंत्र विदर्भाच्या विरुद्धच आहे. पण जे त्या दिवशी टाळ्यांच्या आड लपवले, ते आज मांडतो.

पहिला मुद्दा आयोगाचा. तो खरा आहे. बुलडाण्यापासून चांद्यापर्यंतच्या आठ मराठी जिल्ह्यांचे वेगळे राज्य व्हावे, असे आयोगाने सुचवले होते. पण त्याच अहवालात मुंबईचे राज्य मराठी व गुजराती असे द्विभाषिक ठेवावे, अशीही शिफारस होती. ती मराठी माणसाने मानली नाही, त्यासाठी रक्त सांडले, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र मिळवला. एकाच अहवालातील आपल्या सोयीचे पान फाडून घेणे आणि गैरसोयीचे टाकून देणे हा न्याय नव्हे. आयोगाचे मत विचारात घ्यावे, पण तो शेवटचा शब्द नव्हे.

इथे माझ्या बाजूचीही एक लंगडी बाब कबूल करतो. 'एक भाषा, एक राज्य' हे पालुपद मी त्या दिवशी लावले होते. हिंदीची राज्ये अनेक आहेत आणि २ जून २०१४ रोजी तेलुगू भाषेचीही दोन राज्ये झाली. त्यामुळे तेलुगू भाषा मेली नाही. विदर्भ वेगळा झाल्याने मराठीही मरणार नाही. विरोध करायचा तर दुसऱ्या कारणाने केला पाहिजे.

ते कारण दुसऱ्या मुद्द्यात सापडते. वचने पाळली गेली नाहीत, हे सरकारी कागदच सांगतात. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली अनुशेष मोजला. तो राज्याचा मिळून सुमारे ३,१८७ कोटी रुपये आणि त्यात एकट्या विदर्भाचा सुमारे १,२४७ कोटी, म्हणजे शेकडा ३९ भरला. घटनेच्या ३७१(२) या कलमात विकास मंडळांची तरतूद १९५६ पासून होती. मंडळे प्रत्यक्ष आली १९९४ साली. 'मुख्यमंत्री विदर्भाचे झाले की' हे उत्तरही पुरत नाही. कन्नमवार झाले, वसंतराव नाईक तर अकरा वर्षांहून अधिक काळ होते. तरीही १९८४ सालचा हिशेब असा निघाला.

पण म्हणूनच मी विचारतो, माणूस नागपूर विभागाचा किंवा विदर्भाचा असला म्हणजे पाणी आपोआप येते काय? सिंचनाचा जो अनुशेष पुढे दीर्घकाळ रेंगाळला, तो मुख्यतः अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा या चार जिल्ह्यांत. विदर्भाच्या आतही एक विदर्भ मागे राहिला आहे आणि आपण त्यातले आहोत. वऱ्हाड आणि नागपूर यांची संसाराची चूलही मुळात एक नव्हती. वऱ्हाड निजामाचे; ते १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १९०३ साली मध्यप्रांताला जोडले गेले. तेव्हा राजधानी मुंबईहून नागपूरला नेली म्हणजे पैनगंगेचे पाणी आमच्या बांधावर येईल, ही आशा मला अजून पटत नाही. वाटणीचा नियम बदलला नाही, तर वाटणारा हात बदलून काय होणार?

तिसरा मुद्दा लहान राज्यांचा. छत्तीसगड, झारखंड, उत्तराखंड ही तिन्ही राज्ये नोव्हेंबर २००० मध्ये जन्मली, पण तिघांची वाट एक नाही. तेलंगणाचे उदाहरण फार दिले जाते. तेलंगणाला हैदराबादसारखे भरल्या तिजोरीचे शहर मिळाले, हे सांगायचे मात्र राहून जाते. राज्य लहान असणे हा काही गुण नव्हे आणि मोठे असणे हा दोषही नव्हे. गावच्या माणसाला तहसिलीत, पाटबंधाऱ्याच्या कचेरीत आणि दवाखान्यात उत्तर किती लवकर मिळते, त्यावर सारे अवलंबून आहे.

आता एक गोष्ट राहिली. मित्राने शेवटी विचारले होते, "अजून किती वर्षे थांबायचे?" नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण झाला. तो आपल्या मेहकरजवळून जातो. त्याच्यावरून गाड्या भरधाव जातात आणि माझे वडील मृगाच्या पावसासाठी आभाळाकडे पाहतात. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा त्याची चर्चा आमच्या गावच्या पारावर झाल्याचे मला आठवत नाही. 'थांबा' म्हणण्याचा अधिकार ज्याला सांगायचा आहे, त्याने मुदतही सांगितली पाहिजे. माझ्याजवळ ती नाही. हा मुद्दा मी मित्राला देऊन टाकतो.

आपल्या प्राध्यापक मंडळींना एक नम्र विनंती आहे. वादविवादाच्या गुणपत्रिकेत उच्चार, हावभाव, आत्मविश्वास यांचे रकाने असतात. त्यात एक रकाना वाढवावा: समोरच्याचा मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडला काय? आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या मुलांना भाषण येऊ लागले की त्याची नशा चढते. ज्यांना आजवर कोणी ऐकले नाही त्यांची आम्ही मुले, आणि व्यासपीठ मिळताच आम्हीच दुसऱ्याचे ऐकायचे सोडतो.

मित्राला हा लेख छापण्याआधी वाचून दाखवला. तो म्हणाला, "वाटणीच्या नियमाचा तुझा मुद्दा मला मान्य नाही. त्याचे उत्तर पुढच्या अंकात देईन." मी त्याला म्हणालो, "अवश्य दे. साल चुकले तरी चालेल."